लाथमामांची पायरी

लाथमामांच्या पुढच्या पायरीवर कोणी उभं राहत नसे. नगरच्या जुन्या फुटबॉल मैदानावर, लिंबाकडच्या गोलमागे काळ्या दगडाच्या पायऱ्या होत्या. सामन्याच्या दिवशी तिथे मुंगी शिरायला जागा नसे, पण मामांच्या पुढची दोन हात जागा मोकळी असे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी प्रथमच गेलो आणि आपलं नशीब थोर समजून नेमका तिथेच उभा राहिलो. आमच्या फॉरवर्डने चेंडू मारला, त्याच क्षणी माझ्या मांडीवर मागून सणसणीत लाथ बसली. वळून पाहतो तर खाकी पँटमधले एक काका हात जोडून उभे. "लागलं का, पाव्हनं? पाय माझा आयकत न्हाई." मी म्हटलं, असू द्या. पुढच्या चढाईला पुन्हा बसली. आजूबाजूचे सगळे फिदीफिदी हसत होते, कारण नव्या माणसाला आधी सांगायचं नाही असा तिथला रिवाजच होता.

मामा कर्जतकडचे, एसटीचे ड्रायव्हर. मैदानात चेंडू कुणाच्याही पायाशी आला की त्यांचा उजवा पाय आपोआप उचलला जाई. "मामा, गाडी चालवताना रस्त्याकडेला पोरं फुटबॉल खेळताना दिसली तर?" असं विचारलं की ते शांतपणे म्हणत, "मंग डोळं झाकून घेतो." तेव्हापासून एसटीत चढताना आम्ही आधी ड्रायव्हरचं तोंड पाहून घेऊ लागलो.

ते कधी बसत नसत, हाफटाइमलाही नाही. "आपून हितनं काय करनार? पास देता येत न्हाई, गोल आडवता येत न्हाई. उभं ऱ्हानं तेवढं आपल्या हातात हाय." एकदा लष्कराच्या संघाविरुद्ध सामना होता. मामांच्या चपलेचा अंगठा तुटला, तो बघायला ते क्षणभर टेकले आणि आमच्यावर गोल झाला. चेंडू गोलकीपरच्या हातून साबणासारखा निसटला होता, सगळ्यांनी पाहिलं होतं. तो बिचारा स्वतः येऊन म्हणाला, "मामा, चूक माझी." पण मामांचं एकच: "मी बसलो, म्हनून झाला." पुढे कितीतरी दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवं अंग गेलं. त्याच सुमारास मैदानाभोवती पत्रे लागले. पायऱ्या पाडून खुर्च्यांचं नवं स्टेडियम होणार होतं. आम्ही सह्या गोळा केल्या, महापालिकेत निवेदन घेऊन गेलो. साहेबांनी प्रेमाने चहा पाजला. तेवढंच झालं.

पाडकाम सुरू झाल्यावर मी मामांकडे गेलो. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. जीभ जड झाली होती. "आता मी कायमचाच बसलो," ते म्हणाले, "मंग गोल हुनारच."

मी समजावलं. म्हटलं, मामा, हे पाडकाम तुमच्या आजाराआधीच ठरलेलं होतं. मामी म्हणाल्या, "सांगा की हो, माझं तर आयकतच न्हाईत. रातध्याड त्येच." मी सांगून सांगून थकलो. माझं सगळं शहाणपण त्या खाटेपाशी फुकट गेलं. इतकं हतबल मला कधी वाटलं नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, "माझ्या पायरीचा तुकडा तरी आन. वरनं तिसरी."

पत्र्याच्या फटीतून मी आत शिरलो. पायऱ्या नव्हत्याच, नुसता ढिगारा होता. त्यात वरून तिसरी कुठली शोधणार? सगळेच दगड पायांनी झिजून गुळगुळीत झालेले. विटेएवढा एक उचलला. दोन दिवसांनी तो घेऊन निघालो; हाच तुमचा, असं सांगायचं वाटेत ठरवलंही होतं, पण मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि खोटं बोलवेना.

"तुमचा सापडला नाही, मामा. हा कुणाचा आहे, मला माहीत नाही."

डाव्या हाताने ते तो दगड बराच वेळ चाचपत राहिले. मला वाटलं, आता ठेवून घेतील.

"ज्याचा आसंल त्यो बी हुडकीत आसंल," मामा म्हणाले. "जा, ठिवून ये."

दारापर्यंत आलेल्या मामी हळूच म्हणाल्या, "ठेवून याच, भाऊ. न्हाईतर झोपायचे न्हाईत."

मी स्कूटरवर पायाशी दगड घेऊन परत गेलो. फटीवर नवा पत्रा ठोकलेला होता. गेटवरच्या वॉचमनला म्हटलं, एक दगड आत ठेवायचाय. त्याने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठं ठेवनार, साहेब? समदा माल कालच डंपरनं गेला की. आत निस्ता खड्डा हाय."

तिथेच खाली ठेवावा, तर रस्त्यावरचा कुठलाही दगड झाला असता. परत न्यावा, तर मामांना काय सांगू? वॉचमनने गेट लावून घेतलं. तिकडे मामा माझी वाट पाहत जागे होते, आणि माझ्या हातात तो दगड होता, कुणाचा कोण जाणे.