वाढत जाणारं अंतर

दुपारपासून स्क्रीनवरची पट्टी अर्ध्यावर अडकून होती. ऑफिसचं नेटवर्क मधूनच बंद पडल्यासारखं व्हायचं, म्हणून मी त्यावरून होणारी निरोपांची कालची दिवसभराची सगळी ये-जा एकाच फाइलमध्ये पकडून ठेवली होती आणि आता ती अख्खी उघडत बसलो होतो. कॉम्प्युटर धापा टाकत होता आणि मी खुर्चीत चुळबुळत होतो.

शेजारच्या टेबलावरच्या सुलभाताई म्हणाल्या, "अरे, सगळं कशाला उघडतोस? तक्रार कुणाची, किती वाजताची, तेवढंच कापून घे की."

तक्रार आलेल्या एका मशीनची दहा मिनिटं कापून घेतली. ती क्षणात उघडली. त्यात ते मशीन सर्व्हरला एकच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत होतं आणि उत्तर येत नव्हतं. एक सेकंद थांबून पुन्हा, मग दोन, मग चार, मग आठ. एवढ्या गर्दीत हे एकटं हाका मारत होतं आणि दिवसभर कुणाला पत्ता नव्हता.

"सापडलं!" ताई खूश झाल्या. माझी नजर मात्र त्या वाढत्या अंतरांवरून हलेना. गावाहून वडिलांचा फोन आधी रोज यायचा. मग आठवड्याने यायला लागला. नंतर करतो, असं म्हणून मी तो राहूच द्यायचो. आता महिना महिना येत नाही. मला वाटत होतं, त्यांना सवय झाली असेल.

"शेवटी काय करतं हे मशीन?" ठाऊक असूनही मी विचारलं.

"काय करणार? विचारायचंच सोडून देतं."

मी खिसे चाचपत उठलो. फोन कुठे ठेवला होता, तेच आठवेना.