रुद्राणीचा पुढचा दात

इमामसाब फणीवाल्यांना दोन गोष्टींचा गर्व होता. एक, त्यांनी बांधलेल्या फणीतली काडी मागावर कधी हलत नसे. दुसरी, त्यांच्या हातून दात निघताना लेकरू रडत नसे. पहिला गर्व खरा होता आणि शेवटपर्यंत खराच राहिला. दुसऱ्याचं काय झालं, तेच सांगायचं आहे.

फणी म्हणजे मागावरची ती चौकट, जिच्यातल्या शेकडो काड्यांच्या फटींतून उभा धागा एकेक करून जातो. दोन काड्यांत अंतर अगदी सारखं हवं. एखादी काडी गळाली की शेजारच्या दोघी हळूहळू तिच्या रिकाम्या जागेकडे कलतात, आणि अख्ख्या लुगड्यात वरपासून खालपर्यंत रेघ उमटते. अशी रेघ नजरेला पडली की इमामसाबांना जेवण जात नसे. सोलापुरातल्या विणकरांच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, घरापुढचा ओटाच. आत बायको सायराबानू बांबू चिरायची आणि बाहेर हे काड्या घासत, बांधत, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा हाणत बसायचे. हात थांबला तरी तोंड थांबायचं नाही.

गल्लीतल्या पोरांचे दुधाचे दात हलायला लागले की आया पोरांना इमामसाबांकडे आणायच्या. त्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. दाताला पिळाचं सूत बांधायचं आणि दुसरं टोक मागाच्या दोरीला. ही दोरी ओढली की धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी लाकडी होडी, सणकन मागाच्या पलीकडच्या टोकाला जातो. "धोट्यात चिमणी बसलीया, बघ बघ!" असं म्हणायचं, पोर वाकून बघायला लागलं की दोरी ओढायची. दात सुताला लोंबकळायचा आणि पोर अजून चिमणीच शोधत असायचं. मग तो दात पोरानं आपल्या हातानं घराच्या धाब्यावर, मातीच्या छतावर, भिरकावायचा, नवा लवकर यावा म्हणून. असे दोनशे तरी दात काढले असतील, इमामसाब सांगायचे. चारशेही सांगायचे. ऐकणारा कोण आहे त्यावर होतं.

सन एकोणीसशे बावीसची गोष्ट. शेजारी मायाप्पा विणकर राहायचा. मूळचा अक्कलकोटकडचा, घरात कानडी, बाहेर मराठी. बायको निंगव्वा, आणि लेक रुद्राणी आठ वर्षांची. पोरगी खदाखदा हसायची, अशी की तिसऱ्या घरात माग थांबवून माणसं विचारायची, काय झालं गं? चार दिवसांपूर्वी ती धावताना मागाच्या खांबावर तोंडावर आपटली होती आणि वरचा पुढचा दात हलायला लागला होता.

मायाप्पाच्याच मागापाशी बैठक जमली. इमामसाबांनी बोट लावून बघितलं. दात डुगडुगत होता. त्यांनी सूत बांधलं. रुद्राणीनं तोंडात सूत असतानाच काहीतरी सांगायला हात वर केला. "चाचा, ह्यो न्हवं..."

"गप गं, चिमणी उडंल!" इमामसाब म्हणाले आणि त्यांनी दोरी ओढली.

दात निघाला, पण रक्त नेहमीपेक्षा फार आलं आणि पोरगी किंचाळली. इमामसाबांनी सुतावरचा दात हातात घेऊन उलटा करून बघितला. दुधाचा दात निघतो तो टोपीसारखा, खाली मूळ नसतं. ह्याला चांगलं जाडजूड मूळ होतं. आपल्या धोतराचा सोगा पोरीच्या तोंडाशी धरून ते म्हणाले, "मीच टाकतो धाब्यावर, तू हात नको लावू." आणि दात मुठीत दाबून घरी आले.

सायराबानूनं मूठ उघडून बघितली. तिनं चार लेकरं वाढवली होती, तिला सांगायला कोणी नको होतं. "या अल्ला! ह्यो तर पक्का दात. दुधाचा तर कवाच पडला आसंल. ह्याच्यामागं आता काय न्हाय यायचं. पोर बोलत व्हती तवा तुमचे कान कुटं व्हते?"

दात इमामसाबांनी ओल्या फडक्यात गुंडाळून सुयांच्या डबीत ठेवला आणि डबी फडताळात मागं सारली. मायाप्पाच्या घरी नव्या दाताची वाट बघत होते, पोरीचं बोलणं तिथंही कोणी मनावर घेतलं नव्हतं; पण इमामसाबांना सांगायचं धैर्य झालं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटली. ज्या माणसाला गल्ली डोक्यावर घेते, त्यानं आपल्या तोंडानं चूक कशी सांगायची?

पण हात फणीवाल्याचा. जागा रिकामी झाली की शेजारी कलणार, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. आठवड्याभरात जखम भरल्यावर त्यांनी रुद्राणीला शेंगदाण्यांच्या मिषानं ओट्यावर बोलावलं आणि त्या फटीत बरोबर बसेल अशी बांबूची एक काडी घासून घासून बेतली. दर शुक्रवारी नमाजाहून आले की पोरीला हाक मारायची, शेंगदाणे द्यायचे, काडी लावून बघायची. तिसऱ्या शुक्रवारी काडी अडली. दोन महिन्यांनी ती शिरेचना.

आणि काडीपेक्षाही वाईट एक गोष्ट त्यांना दिसत होती. रुद्राणी आता हसताना तोंडावर तळवा धरायची. घरातली पोरं तिला चिडवायची, तर ती हसायचंच टाळायची. तिसऱ्या घरातले माग आता थांबत नव्हते. हे बघून इमामसाबांचा जीव तीळतीळ तुटायचा. ह्या पोरीचं हसू आपण नेलं, हे एकच डोक्यात.

एका सकाळी ते उठले, डबी घेतली आणि मायाप्पाच्या दारात जाऊन उभे राहिले. "मायाप्पा, निंगव्वा, ऐका. तुमच्या पोरीचा पक्का दात मी काढला. ती सांगत व्हती, मी ऐकलं न्हाय. आन् तीन महिनं तोंड दाबून बसलो. ह्यो बघा दात."

मायाप्पा आधी दाताकडे बघत राहिला, मग भडकला. नको नको ते बोलला. मागावरची इमामसाबांनी बांधलेली नवी फणी त्यानं उतरवली आणि ओट्यावर आणून आपटली. निंगव्वा मात्र दारातच बसली आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "आता काय करायचं, ते तरी सांगा की."

त्यावर इमामसाबांना एक उपाय ठाऊक होता. स्टेशनजवळच्या बंगल्यात महिन्यातून एकदा एक पारशी दातांचा डॉक्टर रेल्वेच्या साहेबलोकांचे दात बघायला यायचा. निंगव्वा, रुद्राणी आणि इमामसाब तिथे गेले. दारातल्या शिपायानं दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा इमामसाबांनी तिथंच बैठक मारली आणि इतकं बोलले, इतकं बोलले, की आत बंगल्यातल्या साहेबाला दुपारची झोप लागेना म्हणून डॉक्टरच बाहेर आला.

त्यानं रुद्राणीचं तोंड बघितलं. "दात गेला तो गेला. पण शेजारचे दोघे जागा खाऊन बसले. आधी त्यांना मागं सरकवायला पाहिजे, मग तिथं दात बसवता येईल. टाळूला बसेल अशी कडक रबराची पट्टी करतो, तिच्यात बारीक तारा. तारा हळूहळू दातांना रेटतील. पण दर आठवड्याला तार कसायला पाहिजे, आणि मी तर महिन्यानं येतो."

"मी कसतो," इमामसाब म्हणाले.

डॉक्टर हसला. "अरे बाबा, हे काय सुतारकाम आहे?"

इमामसाबांनी खिशातून बांबूची काडी काढून त्याच्यापुढे धरली. "दात काढला त्या वेळची जागा ही एवढी. आता ह्यातली इतकी राहिली." त्यांनी नखानं खूण दाखवली. डॉक्टरनं आपलं माप लावून बघितलं आणि त्याचं हसणं थांबलं. मग त्यानं तारेचा एक तुकडा दिला आणि वळवायला सांगितलं. इमामसाबांनी तो असा वळवला की डॉक्टर भिंग घेऊन बघत बसला.

"आणि दात कुठला बसवायचा? चिनी मातीचा मागवावा लागेल, रंग जुळेल न जुळेल."

इमामसाबांनी सुयांची डबी पुढे केली. लाजेनं लपवलेला दात डॉक्टरनं उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, "वा! लोक धाब्यावर फेकतात, तुम्ही जपून ठेवला!" इमामसाबांनी मान खाली घातली. जपला नव्हता, लपवला होता. पण ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. तेवढी सूट आपण त्यांना देऊ.

मग दर शुक्रवारी तार कसणं सुरू झालं. पट्टी पहिले आठ दिवस रुद्राणीनं सतरा वेळा थुंकून टाकली. इमामसाबांनी स्वतःच्या तोंडात एक लाकडाची चकती घालून तिच्यासमोर बसायला सुरुवात केली. "तू ठेवलीस तर मीबी ठेवतो." चकती तोंडात म्हणजे बोलणं बंद. गल्लीला आश्चर्य वाटलं. सायराबानू म्हणाली, "पोरीचं दात सरळ होऊंदे का न होऊंदे, माझ्या घरात शांती आली!"

पाचव्या महिन्यात एका शुक्रवारी बांबूची काडी फटीत अलगद बसली. इमामसाबांनी ती काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग ते काडी वर धरून गल्लीत ओरडत सुटले. पुढच्या फेरीला डॉक्टरनं मूळ कापून रुद्राणीचाच दात नव्या पट्टीत बसवला. पट्टी घालून ती आरशात बघत राहिली आणि हसली. हात मांडीवरच होते. त्याच दुपारी मायाप्पा ओट्याशी आला, आपटलेली फणी उचलली, आणि म्हणाला, "मी आपटली, दोन काड्या हालल्यात. बांधून द्या की."

पोरगी वाढत गेली तशी डॉक्टरनं पट्टी तीनदा बदलली. आणि इमामसाबांच्या हाताची त्याला अशी गोडी लागली, की गावातलं कुठलंही वाकड्या दातांचं पोर आलं की तो निरोप धाडायचा, फणीवाल्याला बोलवा. फणीचं आणि तारेचं, काम दोन्हीकडचं वाढलं, घर सुखात होतं. पण दात काढण्याच्या बाबतीत इमामसाबांनी कानाला खडा लावला होता. हलता दात घेऊन कोणी आलं की ते हात पाठीमागे घ्यायचे. "तार वळवीन, दात काढणार न्हाय." सोळा वर्षं त्यांनी हे पाळलं.

सन एकोणीसशे अडतीसच्या दिवाळीत रुद्राणी माहेरी आली. सोबत सात वर्षांची लेक, नागव्वा. दोघी थेट ओट्यावर आल्या. इमामसाबांची दाढी पांढरी झाली होती, पण हातातली काडी थरथरत नव्हती.

"चाचा, हिचा दात हालतोय. काढा."

"मी न्हाय काढत, तुला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय म्हणूनच आणलीया. दुसऱ्याकडं न्हाय जायची मी. तुमीच काढायचा."

इमामसाब बराच वेळ गप्प बसले. गल्लीनं त्यांना इतकं गप्प फक्त ती चकती तोंडात असतानाच बघितलं होतं. मग त्यांनी सूत उचललं, खाली ठेवलं, आणि नागव्वापुढे उकिडवे बसले.

"बेटा, आधी तू सांग. कुठला दात? जुना का नवा?"

नागव्वानं तोंड उघडून बोट ठेवलं. "ह्यो. जुना. शेजारचा ह्यो नवा, त्याला हात नका लावू."

"पुन्ना सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ती वैतागली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "किती येळा सांगू? ऐकू येत न्हाय का तुमास्नी?"

"येतं गं बाई," इमामसाब म्हणाले, "आता येतं."

दात निघाला तेव्हा नागव्वा रडली नाही. इमामसाबांनी तो तळहातावर उताणा करून बघितला. टोपीसारखा, खाली मूळ नाही. त्यांनी तो तिच्या मुठीत दिला, तिनं धाब्यावर भिरकावला, आणि मागं उभी असलेली रुद्राणी खदाखदा हसली, इतकी, की तिसऱ्या घरातला माग थांबला.