मुराळी एकटाच परत गेला

माझ्या सासूबाईंना मी माहेरी जाऊ दिलं नाही.

आज आखाजी. खानदेशाबाहेरच्या मित्रमंडळींसाठी सांगते, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. सासरवाशिणी माहेरी जातात, झोके खेळतात, आमरसावर ताव मारतात.

आणि न्यायला भाऊ येतो. तो मुराळी.

आईंचं (सासूबाईंना मी आईच म्हणायचे) माहेर शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरापासून तीन तास. निरोगी माणसासाठी तीन तास.

आईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गुडघे गेलेले, त्यामुळे व्हीलचेअर.

होळी झाली की त्या सुरू व्हायच्या. "यंदा जमेल का गं?"

मी म्हणायचे, "बघू."

या 'बघू'वर मी दोन आखाज्या काढल्या. पहिल्या वर्षी तिकडच्या डायलिसिस सेंटरला रक्ताचे नवे रिपोर्ट हवे होते, ते वेळेत आले नाहीत. दुसऱ्या वर्षी गाडी आली ती इतकी उंच की आईंना सीटवर चढवताच येईना. अर्धा तास झटापट केली आणि गाडी परत पाठवली. त्या दिवशी आई हसल्या होत्या, "मी काय कापसाची गाठ आहे का गं, उचलून टाकायला?"

तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, मी चंगच बांधला.

शुक्रवारी डायलिसिस, शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी संध्याकाळी परत. सोमवारचा स्लॉट कन्फर्म. बुटकी गाडी. डिकीत कमोडची खुर्ची. गोळ्यांचे डबे, बीपीचं मशीन, सगळी यादी फ्रिजवर. तिकडे नानांनी, म्हणजे आईंच्या मोठ्या भावाने, ओट्याला सिमेंटचा उतार करून घेतला. व्हीलचेअर वर जावी म्हणून. नातवाकडून फोटोही पाठवला.

यादीत एकच गोष्ट नव्हती.

"नानाला बोलाव," आई म्हणाल्या.

"अहो आई, दारातून गाडी आहे. त्यांना या वयात कशाला दगदग?"

"मुराळी नको का? आपणहून उठून कशी जाऊ?"

कपाळावर हात मारून मी नानांना फोन केला. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, एका डोळ्याने नीट दिसत नाही. पहाटेची एसटी धरून आले. धोतर कडक इस्त्रीचं.

पण आदल्या दिवशी डायलिसिस चालू असताना आईंचं बीपी एकदम खाली गेलं होतं. पायात गोळे आले, ओरडल्या. तासाभरात सावरल्याही.

निघताना डॉक्टर मला म्हणाले, "न्या. जपून न्या, पण न्या."

माझी रात्रभर झोप उडाली. वाटेत काही झालं तर? चोपड्याच्या पुढे, भर उन्हात? लोक म्हणतील, सुनेनेच नेलं. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." म्हणजे सगळं माझ्याच माथी.

सकाळी आई नवी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या.

मी नानांना चहा दिला आणि म्हणाले, "डॉक्टर नाही म्हणाले."

खोटं बोलले मी. त्या दोघांच्या तोंडावर.

नानांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "एक रात ना? सकायमा आनी सोडसू."

सकाळीच आणून सोडायचीही तयारी होती त्यांची. मी मान हलवली. नाही.

आईच बोलल्या. आमच्याशी कायम शहरी बोलणाऱ्या आई भावाशी मात्र अहिराणीच बोलायच्या. "जाय नाना. पुढली आखाजीले येसू."

नानांनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. आई त्यांच्यासोबत दारापर्यंत गेल्या, स्वतः चाकं ढकलत. मी स्वयंपाकघरात निघून आले. माझ्याच्याने बघवेना.

माझं माहेर पारोळ्याला. त्या वर्षी मीही गेले नाही. मला वाटलं, तेवढ्याने बरोबरी झाली. किती मूर्ख होते मी.

आई श्रावणात गेल्या. घरातच, पलंगावर. जपून ठेवलेल्या.

'पुढली आखाजी' म्हणजे आजची. सकाळी, गेलेल्या माणसांसाठी भरतात तशी, त्यांच्या नावाने घागर भरली आणि नानांना फोन लावला. वर्षभर दडवलेलं बोलून टाकलं. "नाना, डॉक्टर नाही म्हणाले नव्हते. मीच घाबरले."

नानांनी ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "माले माहीत शे, बेटा. डॉक्टरनी तिले बी सांगेल व्हतं, जा म्हणीसन. दारमा तिनीच माले सांगं."

म्हणजे आईंना तेव्हाच सगळं ठाऊक होतं, आणि नाना पुढे सांगत होते,

"म्हने, सूनले काही बोलजो नको. घाबरेल शे ती."

त्यानंतर त्या चार महिने माझ्यासोबत राहिल्या. माझ्या हातचं जेवल्या. औषधं घेतली. एका शब्दाने बोलल्या नाहीत.

बोलला असतात तर बरं झालं असतं हो आई.

आता माफी मागायची तर कोणाकडे मागू?

तुमच्या सुनेचा नमस्कार.