झोपाळ्याच्या पिळाच्या कड्या

बायका सुनेला झोपाळ्याकडे घेऊन निघाल्या होत्या. मी गेटमधूनच ओरडलो, "थांबा! तिला बसवू नका त्याच्यावर!"

डोहाळजेवणाच्या घरात असं ओरडणं शोभत नाही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझे जुने मालक मल्लेशम शेठ हातातला हार तसाच धरून पुढे आले. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्यांच्या टॉवेलच्या कारखान्यात मी उभी नोकरी मेन्टेनन्सला काढली. रिटायर झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये भट्टी टाकली आणि हौस म्हणून लोहारकाम करू लागलो. या झोपाळ्याच्या चारही कड्या मीच केलेल्या.

"माने, काय तमाशा लावलाय? फोनवर फोन करताय, आता हितं येऊन वरडताय?"

"फोन उचलला असता तर ओरडावं लागलं नसतं. शेठ, कड्यांसाठी दिलेला तो लोखंडी बार कुठला होता?"

शेठ हातातल्या हाराची फुलं चाचपू लागले. तिथंच माझं डोकं फिरलं.

आधी पिळाचं सांगतो. चौकोनी बार लालभडक तापवायचा, एक टोक व्हाइसमध्ये आवळायचं, दुसऱ्याला पाना लावून फिरवायचं. चौकोनाच्या कडा गोल गोल चढत जातात, तोच पीळ. शेठना मोबाइलमधल्या फोटोसारखा हवा होता, वरचा अर्धा उजवीकडे आणि खालचा अर्धा डावीकडे. त्यासाठी पहिला पीळ झाला की तेवढ्या भागावर पाणी ओतून तो गार करावा लागतो, नाहीतर उलटं फिरवताना तोही उलगडतो. साध्या लोखंडाला, म्हणजे एमएसला, या पाण्यानं काही होत नाही. पण कार्बन जास्त असलेलं पोलाद लाल असताना पाण्यात गेलं की कडक होतं, आणि काचेसारखं तुटतं.

म्हणून मी शेठना बजावून सांगितलं होतं, एमएसचाच बार आणा. त्यांनी चकचकीत चौकोनी बार पाठवले. पिळायला जरा जड गेले, पण मला वाटलं, वय झालं. कड्या गेल्या, सुतारानं टांगल्यासुद्धा.

डोहाळजेवणाच्या सकाळी उरलेल्या तुकड्याचा एक हूक करावा म्हणून तो ग्राइंडरला लावला. एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. या फुलबाजीसारख्या फुटत होत्या. म्हणजे कार्बन जास्त. तुकडा तापवला, पाण्यात बुडवला आणि ऐरणीवर हातोडा घातला. खाडकन दोन तुकडे. तशीच गाडी काढली.

"सांगा ना शेठ, कुठला बार?"

"आमच्या नानांच्या पहिल्या लूमचे शाफ्ट हायेत ते," शेठ म्हणाले. "मशीनवर चौकोनी करून घेतले. त्या लूमवर नानांनी हे घर उभं केलं. त्यांचा पणतू त्याच लोखंडावर झुलला पायजे की. ते तुटंल व्हय?"

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी न्हाई म्हणला असता."

म्हणजे माहीत होतं! मी नको म्हणेन एवढं कळत होतं, म्हणून लपवलं. अन् त्याच्यावर पोटुशी पोर बसवायला निघाले होते. नानांबद्दल, शेठच्या वडिलांबद्दल, मलाही आदर आहे. पण आदरानं लोखंडाचा गुण बदलत नाही. मी तेव्हा जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. उभ्या नोकरीत कधी शेठपुढे आवाज चढवला नव्हता, ती सगळी कसर त्या पाच मिनिटांत भरून निघाली.

"मुहूर्त चाललाय," शेठ बायकोकडे वळले. "बसवा तिला. काय हुत न्हाई."

सून, रम्या, हिरव्या साडीत उभी होती. तिनं मलाच विचारलं, "काका, तुमची मुलगी असती तर बसवली असती?"

"नाही."

"मग मी खुर्चीवर बसते."

"मामंजींचं ऐकायचं सोडून..." शेठ सुरू झाले. मी स्टुलावर चढलो, एक कडी काढली आणि अंगणातल्या फरशीच्या काठावर आपटली. पीळ जिथं उलटा फिरत होता, बरोबर तिथं ती मोडली. बायकांपैकी कुणीतरी "अगंबाई" म्हणालं.

शेठनी दोन्ही तुकडे उचलून छातीशी धरले. "शुभकार्यात माझ्या बापाचं लोखंड मोडलं तुमी," एवढंच म्हणाले आणि आत गेले. ओटी खुर्चीवर भरली. मी जेवायला थांबलो नाही, मला कुणी थांबवलंही नाही.

एमएसच्या नव्या कड्या करून देतो, असा निरोप पाठवला होता. उत्तर आलं नाही. आता त्या झोपाळ्याला बाजारातल्या साध्या साखळ्या आहेत. रम्या बाळाला घेऊन बसते, मला पाहिलं की हात करते. शेठ तोंड फिरवतात. फिरवू देत. माझाही राग उतरलेला नाही.

हौसेनं हे काम करणाऱ्यांना एवढंच सांगतो. गिऱ्हाईक स्वतःचं लोखंड घेऊन आलं, तर ते कुणाच्या आठवणीचं आहे हे जरूर ऐकून घ्या. चहासुद्धा पाजा. पण बार त्याच्यासमोर ग्राइंडरला लावल्याशिवाय भट्टी पेटवू नका.