बाल्कनीतून पाठवलेला व्हॉइस मेसेज

माझे व्हॉइस मेसेज लांबतात, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. (मी सोडून.)

त्या दुपारी मुलुंडच्या आमच्या घरात मी एकटीच होते. मंद गॅसवर दूध ठेवून बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले आणि वाऱ्याने दार धाडकन आपटलं. आतून कडी पडली! सासूबाई खालच्याच मजल्यावर काकूंकडे बसल्या होत्या. पण कडी सैल झालीय, दुरुस्त करून घे, असं त्यांनी मला कितीदा बजावलं होतं! त्यांना बोलवायचं म्हणजे व्याख्यान ठरलेलं. म्हणून मी पवईला ऑफिसात असलेल्या नवऱ्याला फोन लावला. त्याने कट केला. मग काय, व्हॉइस मेसेज!

"अरे मंदार, फोन का कट करतोस? बरं, ऐक. आईंनी आज भेंडीतसुद्धा गूळ घातलाय रे! आणि सकाळी वन्संशी तासभर फोनवर बोलल्या, वर मलाच म्हणतात गप्पिष्ट!..." असं बरंच काही बोलून शेवटी आठवलं, "हां, आणि मी बाल्कनीत अडकलेय. गॅसवर दूध आहे. ये ना लवकर!"

मंदारने लगेच अंगठा पाठवला. पाठोपाठ नणंदेचा मेसेज, "वहिनी, हे फॅमिली ग्रुपवर आलंय."

वाट लागली! घाईघाईने मेसेज डिलीट केला, तर तो फक्त माझ्याच फोनमधून गेला. आता तो ऐकू न शकणारी घरात मी एकटीच!

काचेतून दिसत होतं, दूध वर यायला लागलं होतं. उतू जाऊन गॅस विझला तर? मी "आई!" म्हणून खाली ओरडणार, तेवढ्यात मुख्य दाराचं लॅच वाजलं. सासूबाई धापा टाकत आल्या, आधी गॅस बंद केला, मग कडी काढली.

"आई, तुम्ही... पूर्ण ऐकलंत?"

"पूर्ण! माझ्याबद्दल होतं ना, मध्येच कशी सोडणार?"

मी रडायलाच लागले. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, त्याच दुधाचा चहा केला.

"अगं, अडकलेय ते आधी सांगावं. सासूला काय, नंतर सावकाश नावं ठेवता येतात!"

मी त्यांना मिठीच मारली. अंगठेबहाद्दर नवऱ्यापेक्षा शेवटपर्यंत ऐकणारी सासू लाख पटीने बरी!

तेव्हापासून मी आधी कामाचं बोलते. परवा मंदारला फक्त एवढंच पाठवलं, "येताना दही आण."

मीटिंग सोडून त्याचा घाबराघुबरा फोन, "काय झालं गं? तू बरी आहेस ना? मेसेज एवढ्यात संपला कसा?"