काकूंच्या नावाचा बिल्ला

पंचवटीतल्या आमच्या आवारात पाच बिऱ्हाडं होती आणि कुत्रा पाळायचा शहाणपणा फक्त आमच्या घराने केला होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगते आहे, तेव्हा नाशकात नगरपालिका होती. कुत्रा ठेवायचा तर परवाना काढायचा आणि मिळालेला पितळी बिल्ला त्याच्या गळ्यात अडकवायचा, असा नियम. बिल्ला नसला की कुत्रा बेवारशी. कुत्री धरणारी गाडी आली की गेला. हे मला पाठ होतं आणि आमच्या ह्यांनाही. पण "उद्या जातो" म्हणत ह्यांनी अख्खा हिवाळा काढला. ऑफिसातून येताना रोज नगरपालिकेवरूनच यायचे, हे विशेष.

शेजारच्या काकूंना कुत्रा डोळ्यांसमोर नको असायचा. साठीच्या, एकट्या राहायच्या, माहेर पिंपळगाव बसवंतकडचं. आमच्या कुत्र्याला त्यांनी "हाड"शिवाय दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. मोकळा सोडता, घाण करतो, बिल्लासुद्धा नाही, असं ऐकवून ऐकवून शेवटी त्यांनी नगरपालिकेत रीतसर तक्रार दिली. मला असा राग आला की मी त्यांच्याकडे विरजण मागणंही बंद केलं.

उन्हाळ्यात त्यांनी आवारात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. कुत्र्याने तिकडे तोंड नेलं, काकूंनी काठी घातली आणि तो त्यांच्या पोटरीला चावला. दात लागले, रक्त आलं. कुणी म्हणालं तिखट भरा, कुणी म्हणालं चुना लावा. मी साबणाने पाय धुतला आणि रिक्षा करून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, रागावल्यात.

डॉक्टरांनी जखम बघितली. कुत्रा पाळलेला आहे, धडधाकट आहे, तर बांधून ठेवा आणि दहा दिवस लक्ष ठेवा, म्हणाले. नीट राहिला तर काळजी नाही. आजारी पडला, मेला किंवा हरवला, तर मात्र पोटात चौदा इंजेक्शनं. लक्ष ठेवणं मालकाचं काम, असंही मला बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू लंगडत हजर. हातात जर्मनचं भांडं, पाण्याने भरलेलं. कुत्रा कडुनिंबाला बांधलेला. त्यांनी काठीने भांडं त्याच्यापुढे सरकवलं आणि तो पाणी पिईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग रोज तेच सुरू झालं. माझं डोकंच फिरलं. मी काय त्याला पाणी देत नाही, असं तोंडावर विचारलं. तेव्हा त्या पायरीवर बसल्या.

"माझा धाकटा भाऊ पिसाळलेलं कुत्रं चावून गेला," त्या म्हणाल्या. "तहान लागायची, आणि पाणी पुढे केलं की किंचाळायचा. तांब्या माझ्याच हातात होता गं."

मला रडूच आलं. इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी सकाळी त्यांचाही चहा टाकायला लागले.

आणि नेमकी तेव्हाच गाडी आली, काकूंच्याच तक्रारीवरून. दोन माणसं लांब चिमटे घेऊन सरळ कडुनिंबाकडे निघाली. मी आडवी झाले. पाळलेला आहे, बांधलेला आहे म्हटलं, तर त्यांनी शांतपणे बिल्ला मागितला. बिल्ला कुठला! मनातल्या मनात ह्यांचा उद्धार करत मी हात जोडले. घाबरून बोलण्याच्या भरात तो चावलाय हेही माझ्याच तोंडून निघालं. मग तर एकाने साखळीलाच हात घातला.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. "सोड ती साखळी. कुत्रा माझा आहे."

आजी, तक्रार तर तुमचीच आहे, तो माणूस म्हणाला.

"तेव्हा माझा नव्हता, आता आहे. त्याला न्यायचं तर मलाही घाला गाडीत."

त्याने त्यांच्या पायाच्या पट्टीकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं आणि चिमटा खाली घेतला. उद्या बिल्ला दिसला नाही तर परत येऊ, असं सांगून गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी ह्यांना नगरपालिका बरोबर सापडली. मालकीण म्हणून काकू पुढे आल्या होत्या, तेव्हा परवाना त्यांच्याच नावाने काढावा लागला.

दहा दिवस सरले. कुत्रा ठणठणीत होता. डॉक्टरांनी काकूंना मोकळं केलं, आणि आता त्या कशाला येतात, असं मी धरून चालले.

अकराव्या दिवशी सकाळी बाहेरून "यू, यू" असा आवाज आला. बघते तर काकू पायरीवर बसलेल्या. काठी नव्हती. भांडं त्यांनी हातातच धरलं होतं आणि कुत्रा त्यात तोंड घालून लपलप पीत होता.

"काकू, दहा दिवस तर झाले," मी म्हटलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. नजर त्याच्यावरच होती. "पिऊ दे त्याला पोटभर."