आजच्यापुरता संकल्प

माझा नवरा उजव्या हातानं मारतो, त्यामुळे मार कायम माझ्या डाव्या कानावर बसतो. म्हणून खामगावच्या डॉक्टरांनी पडदा फाटलाय असं सांगितलं तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. पडदा भरून येईल, पण पुन्हा तिथंच बसली तर तो कान गेलाच समजा, असं ते म्हणाले. कसं लागलं ते त्यांनी विचारलंच नाही.

मी काही गरीब गाय नाही. माझी जीभ तिखट, माहेरी सगळे मला टरकून असत. नवऱ्यानं एक ठेवून दिली की मी चार शब्द सुनावायची आणि त्या शब्दांपायी आणखी खायची. भाजी अळणी झाली, दुकानात गिऱ्हाईक आलं नाही, फोन लवकर उचलला नाही, कारण काहीही पुरे. एकदा त्यानं गरम तवा फेकला. तो मनगटाला चाटून गेला. सासूबाईंनी तवा चिमट्यानं उचलून परत गॅसवर ठेवला आणि पुढची पोळी टाकली. नवऱ्यापेक्षा त्या पोळीचा राग मला जास्त आला.

कानामुळं चक्कर यायची, म्हणून मी समाजमंदिरातल्या सकाळच्या योगवर्गाला जायला लागले. नवऱ्यानं हो म्हटलं, कारण वर्ग फुकट होता. शिकवायला शेगावहून एक बाई स्कुटीवर येत. जन्मभर नर्स म्हणून नोकरी केलेल्या, आवाज खणखणीत. आसनं सुरू करण्याआधी त्या डोळे मिटायला लावत आणि मनात संकल्प करायला सांगत.

आता संकल्प मला ठाऊक होता तो पूजेतला. नवरा हातावरून पाणी सोडतो, बायको त्याच्या हाताला नुसता हात लावून बसते. मीही तशीच बसत आले. स्वतःचा असा संकल्प कधी केलाच नव्हता. मग डोळे मिटून मी शेगावच्या महाराजांना साकडं घातलं, ह्याचा हात थांबू दे, दर्शनाला पायी येईन. रोज तेच.

हात थांबला नाही. एका दुपारी त्यानं केसाला धरून माझं डोकं कपाटावर आपटलं, तेही उजव्या बाजूनं. फरशीवर पडल्या पडल्या मी डावा कान वाचला म्हणून महाराजांचे आभार मानले. मग माझी मलाच इतकी किळस आली की रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी कपाळावरचं टेंगूळ बघून बाईंनी मला वर्ग सुटल्यावर थांबवलं.

"संकल्प काय करतं वं तू?"

मी सांगितला.

"हा तं नवस झाला, माय. संकल्पात दुसऱ्याचं नाव येत नाही. तू काय करशीन तेवढंच बोल. आजच्यापुरतं."

"मी काय करू शकते बाई?"

"ते मले काऊन विचारतं? हात तुया, कान तुया."

घरी येताना रस्ताभर मी वाक्य जुळवत होते. कानाकडे येणारा हात मी धरीन. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून श्वास घेताना तेच, सोडताना तेच. घरी कणीक तिंबताना, चादरी पिळताना तेच. बाई म्हणत, जे करताय तिकडे लक्ष ठेवा, म्हणून मी नवऱ्याकडे लक्ष ठेवायला लागले. इतकी वर्षं मार खाल्ला, पण तो येताना कधी बघितलाच नव्हता. मारायच्या आधी तो नाकानं जोरात श्वास घेतो आणि त्याचा उजवा खांदा मागे जातो.

त्या दिवशी तो जेवायला आला आणि वरण पातळ झालं म्हणून ताट सरकवून उठला. खांदा मागे गेला. मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

त्याला काही कळेना. "सोड," तो म्हणाला.

मी सोडलं नाही.

"सोड म्हणतो न."

माझा संकल्प खरं तर तिथंच पूर्ण झाला होता. कान वाचला होता. पण तो हात हिसकायला लागला आणि माझे हात चादर पिळल्यासारखे फिरले. तो गुडघ्यावर आला. आत काहीतरी कट्कन वाजलं. तो ओरडला. सासूबाई दारातून म्हणत होत्या, "सोड वं त्याले, मरीन तो." सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मी आणखी थोडं पिळलं. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मनगट जोडलं गेलं. त्यानंतर त्यानं हात उचललेला नाही. पण आता तो मचमच करत जेवतो तेव्हा, चहा सांडतो तेव्हा, माझे तळवे गरम होतात. परवा पाण्याचा तांब्या घ्यायला मी त्याच्या बाजूला वाकले तर तो ताटासकट मागे सरकला. मला ते आवडलं.

योगवर्गाला मी अजून जाते. बाई म्हणतात, डोळे मिटा, संकल्प करा. आज मी हात खाली ठेवीन, एवढं साधं वाक्य आहे. रोज ते ओठापर्यंत येतं आणि मी ते गिळते.